बूट न होणारे व्हर्च्युअल मशीन : डिचोली तालुक्यातील एका वाचनालयाच्या प्रकल्प नोंदी

या नोंदी डिचोली तालुक्यातील एका गावच्या मराठी वाचनालयासाठी केलेल्या कामाच्या आहेत. वाचनालयाची देवघेव, वर्गणी आणि ग्रंथसूची 'कोहा' या मुक्त प्रणालीवर चालते. कोहा डेबियन ११ या लिनक्स प्रणालीवर बसवलेली असून ते डेबियन एका जुन्या डेस्कटॉपवर केव्हीएम आणि लिबव्हर्ट या साधनांच्या आधाराने व्हर्च्युअल मशीन म्हणून, म्हणजे संगणकाच्या आत चालणारा आभासी संगणक म्हणून, चालवले जाते. मशीनची आभासी डिस्क ८० जीबीची आहे, ती क्यूकाऊ२ प्रकारच्या फाइलमध्ये आहे आणि ही फाइल यजमान संगणकाच्या, म्हणजे त्याच डेस्कटॉपच्या, १०० जीबीच्या स्वतंत्र विभाजनावर राहते. आज्ञांची नावे देवनागरीत लिहिली आहेत. हे काम करणाऱ्यास ती ओळखता येतील.

१७ जून २०२५

काल सायंकाळी गडगडाटी पावसात वीज गेली आणि यूपीएसने यजमान संगणकाला क्षणभरही आधार दिला नाही. सकाळी वीज आल्यावर संगणक आपोआप सुरू झाला, परंतु कोहाचे पान उघडत नाही, असा ग्रंथपाल बाईंचा फोन आला. प्रत्यक्ष जाऊन व्हर्च्युअल मशीनचा पडदा उघडला तेव्हा तिथे कर्नेल पॅनिक (प्रणालीचा गाभा असलेले कर्नेल अडून पडल्याचा संदेश) दिसले आणि शेवटच्या ओळीत मूळ फाइल सिस्टम 'अननोन-ब्लॉक (०,०)' वर बसवता येत नाही असे म्हटले होते.

हा संदेश वाचून डिस्कच गेली असे वाटते, पण कंसातील दोन शून्यांचा अर्थ एवढाच की कर्नेलला कोणतेही डिस्क उपकरण दिसत नाही. डेबियनच्या कर्नेलमध्ये व्हर्टआयओ, म्हणजे आभासी डिस्कचा, ड्रायव्हर अंगभूत नसतो. तो मॉड्यूल म्हणून, बूट होताना कर्नेलसोबत चढणाऱ्या इनिटआरडी फाइलमध्ये असतो, आणि ती फाइल खराब झाली की कर्नेलपुरती डिस्क अस्तित्वातच राहत नाही. त्यामुळे ग्रब हा कर्नेल चढवणारा प्रोग्राम पुन्हा बसवण्याचा विचार सोडला, कारण कर्नेल चढेपर्यंत मजल गेली होती म्हणजे ग्रबने त्याचे काम केलेले होते. ग्रबच्या 'प्रगत पर्याय' यादीतून आधीचे कर्नेल निवडले. ते पुढे सरकले, फाइल सिस्टमची तपासणी सुरू झाली आणि तिथेच पडदा गोठला.

कळफलक दाबून उत्तर मिळेना, म्हणून यजमानावरून 'व्हर्श डोमस्टेट' ही आज्ञा कारण विचारण्याच्या पर्यायासह चालवली. मशीन थांबलेले असून कारण आय/ओ (वाचन-लेखनाची) त्रुटी आहे असे उत्तर आले. 'व्हर्श डोमब्लकएरर' ने आणखी नेमके सांगितले: डिस्कसाठी जागा नाही. यजमानाचे विभाजन भरले होते. अशा वेळी क्यूईएमयू, म्हणजे व्हर्च्युअल मशीन प्रत्यक्ष चालवणारा प्रोग्राम, पाहुण्या (आतल्या) मशीनला चुकीचे उत्तर देण्याऐवजी त्याला जागच्या जागी थांबवते, आणि ते योग्यच आहे. मात्र पडद्यावर त्याची कोणतीही खूण नसते, त्यामुळे मशीन अडकले आहे असा समज होऊन लोक रीसेट दाबतात.

इथवर मूळ फाइलीवरच काम झाले होते. ते तिथेच थांबवले आणि मशीन यजमानावरून सक्तीने बंद केले. बाईंनी दुपारपासून देवघेव वहीत लिहायला घेतली. दाखल क्रमांक, सभासद क्रमांक आणि तारीख एवढ्या तीन गोष्टी लिहाव्यात असे ठरले.

१८ जून

आज दुरुस्ती केली नाही. जागा कशाने भरली हे आधी पाहिले.

विभाजनात दोन मोठ्या फाइली होत्या. एकीची तारीख मागच्या जुलैतली, प्रत्यक्ष व्यापलेली जागा २९ जीबी. दुसरीची तारीख परवाची, जागा ५२ जीबी. उरलेले १४ जीबी इन्स्टॉलेशनच्या आयएसओ फाइली आणि एका जुन्या निर्यातीने खाल्ले होते. राहिलेले ५ जीबी ईएक्सटी४ या फाइल सिस्टमने रूट म्हणजे प्रशासक खात्यासाठी राखून ठेवलेले. हा राखीव भाग फसवा असतो. रूट म्हणून आपण छोटी फाइल लिहून पाहिली तर ती लिहिली जाते आणि जागा आहे असे वाटते, पण क्यूईएमयू वेगळ्या वापरकर्त्याच्या नावाने चालते व त्याला त्या ५ जीबीतला एक बाइटही मिळत नाही.

वाचनालयात संगणकाचे काम पाहणारा कॉलेजचा विद्यार्थी शेजारी बसला होता. यादी पाहून तो म्हणाला, "सर, ही गेल्या वर्षाची फाइल जुनीच आहे ना, ती काढली तर २९ जीबी मोकळे होतील." त्याला म्हटले, "थांब रे, आधी साखळी बघू." 'क्यूईएमयू-इमेज इन्फो' ही आज्ञा बॅकिंग चेन (कोणती फाइल कोणत्या फाइलीच्या आधारावर उभी आहे ती साखळी) दाखवण्याच्या पर्यायासह चालवली, तेव्हा परवाच्या फाइलीखाली आधार म्हणून तीच जुनी फाइल उभी असल्याचे दिसले. मागच्या जुलैत कोहाची नवी आवृत्ती घालण्यापूर्वी कोणीतरी बाह्य स्नॅपशॉट घेतला होता आणि काम उरकल्यावर तो विलीन करायचा राहून गेला. तेव्हापासूनचे प्रत्येक लेखन वरच्या फाइलीत जात होते आणि त्यानंतर जे बदलले नाही ते सारे अजून खालच्या फाइलीतून वाचले जात होते. म्हणजे जुनी तारीख असलेली फाइल काढली असती तर दोन्ही गेल्या असत्या. खालची फाइल नुसती स्वतंत्रपणे सुरू करून पाहिली असती तरीही वरचीचा तिच्याशी मेळ तुटला असता, कारण आधाराची फाइल बदलली की तिच्यावरचे सगळे हिशेब चुकतात.

याच ठिकाणी बहुतेकांचा विदा (डेटा) जातो असे माझे मत आहे. वीज जाण्याने नव्हे, तर त्यानंतर जागा मोकळी करण्याच्या घाईने. आज फक्त आयएसओ फाइली आणि ती निर्यात दुसरीकडे हलवली.

१९ जून

पणजीहून १ टीबीची बाह्य डिस्क आणली, ४,८०० रुपये. दोन्ही फाइलींची प्रत काढल्याशिवाय पुढे काहीही करायचे नव्हते.

प्रत काढण्यात अर्धा दिवस गेला आणि त्याची कारणे दोन. डिस्क एक्सफॅट स्वरूपात येते. खालची फाइल व्हर्ट-मॅनेजरने तयार केलेली असल्याने तिचा दिसणारा आकार पूर्ण ८० जीबी होता, प्रत्यक्षात २९ जीबीच भरलेले होते आणि बाकी पोकळ भाग होता. एक्सफॅटला असा पोकळ भाग साठवता येत नाही. तो शून्ये लिहून पूर्ण भरतो. दुसरे म्हणजे डेस्कटॉपच्या पुढच्या बाजूची पोर्टे यूएसबी २ ची निघाली. डिस्क ईएक्सटी४ मध्ये फॉरमॅट करून, मागच्या निळ्या पोर्टाला जोडून, 'सीपी' ला 'स्पार्स' पर्याय 'ऑलवेज' असा देऊन पुन्हा प्रत काढली तेव्हा काम सुरळीत झाले. नंतर मूळ आणि प्रत यांची शा-२५६, म्हणजे मजकुरावरून काढलेली पडताळणीची बेरीज, ताडून पाहिली. यजमानाच्या एसएसडीची प्रकृतीही 'स्मार्टसीटीएल' ने तपासली. तिथे बदललेले किंवा वाचता न येणारे सेक्टर नव्हते. ही तपासणी खरे तर प्रतीच्या आधी व्हायला हवी, कारण डिस्क मरणपंथाला लागली असेल तर साध्या 'सीपी' ऐवजी 'डीडीरेस्क्यू' वापरावे लागते.

२० जून

प्रतीवर 'क्यूईएमयू-इमेज चेक' चालवले. ही आज्ञा फक्त दिलेली फाइल तपासते, तिच्या आधाराची नाही, म्हणून दोन्ही फाइलींवर स्वतंत्रपणे चालवावी लागते, आणि मशीन चालू असताना ती कधीही दुरुस्तीच्या पर्यायासह चालवू नये. खालची फाइल स्वच्छ होती. वरचीत दोन प्रकारच्या ओळी आल्या. 'लीक्ड क्लस्टर' म्हणजे कोणाच्याच मालकीची नसलेली जागा. त्याने विदा जात नाही, जागा वाया जाते. 'एरर' म्हणून येणाऱ्या ओळी मात्र खऱ्या दुखण्याच्या होत्या: वापरात असलेल्या क्लस्टरची संदर्भसंख्या (तो किती ठिकाणी वापरात आहे ती संख्या) शून्य नोंदलेली.

असे का व्हावे हे शोधताना मशीनची एक्सएमएल व्याख्या उघडली आणि डिस्कच्या ओळीत कॅशचा प्रकार 'अनसेफ' असा आढळला. या प्रकारात पाहुणी प्रणाली "हे आता डिस्कवर पक्के लिही" असे सांगते तेव्हा यजमान होकार देतो, पण प्रत्यक्षात लेखन स्मृतीतच ठेवतो आणि सवडीने डिस्कवर पाठवतो. इन्स्टॉलेशन लवकर उरकावे म्हणून हा प्रकार लावतात आणि तेवढ्यापुरता तो ठीकही असतो. रोजच्या वापरातल्या मशीनवर त्याचा परिणाम असा की वीज गेल्यावर शेवटच्या काही क्षणांतले लेखन अर्धे पोहोचते, अर्धे पोहोचत नाही, आणि कोणते आधी पोहोचले याला क्रमही उरत नाही. ईएक्सटी४ चे जर्नल (बदलांची आगाऊ नोंद) आणि डेटाबेसचा लॉग दोन्ही याच क्रमावर विसंबून असतात.

प्रतीतल्या वरच्या फाइलीवर 'चेक' आज्ञा सर्व दुरुस्त करण्याच्या पर्यायासह चालवली. पुन्हा तपासल्यावर त्रुटी उरल्या नाहीत. अर्थात याने क्यूकाऊ२ ची नोंदवही जुळली. आतल्या फाइल सिस्टमबद्दल ती आज्ञा काहीच बोलत नाही.

२१ जून

यापुढचे सगळे प्रयोग टाकाऊ थरावर केले. 'क्यूईएमयू-इमेज क्रिएट' ला आधार म्हणून दुरुस्त प्रत दिली की काही केबींची एक नवी क्यूकाऊ२ फाइल तयार होते. मूळ चित्रावर ट्रेसिंग पेपर ठेवून रेघा माराव्यात तसे सर्व बदल त्या नव्या फाइलीत जातात आणि प्रयोग फसला तर ती फाइल पुसून क्षणात नवी करता येते. अलीकडच्या आवृत्त्यांना आधाराच्या फाइलीचे स्वरूपही स्पष्ट सांगावे लागते, नाहीतर त्या नकार देतात.

हा थर 'क्यूईएमयू-एनबीडी' ने यजमानालाच डिस्क म्हणून जोडला. पाहुण्या मशीनच्या आतून तपासणी करता आली असती, कारण इनिटरॅमएफएसच्या (इनिटआरडीतल्या छोट्या प्रणालीच्या) कवचात फाइल सिस्टम तपासणारे 'एफएससीके' असतेच, पण तिथला मजकूर जपून ठेवता येत नाही आणि मला संपूर्ण यादी फाइलीत हवी होती. 'एफएससीके' आधी काहीही न बदलणाऱ्या 'एन' पर्यायासह चालवले. यादी इतकी लांब आली की विद्यार्थ्याचा चेहरा उतरला. परंतु या पर्यायात जर्नल लागू केले जात नाही, त्यामुळे जर्नलने आपोआप मिटणारी कामेही त्रुटी म्हणून मोजली जातात. टाकाऊ थरावर प्रत्यक्ष दुरुस्ती चालवली तेव्हा यादी बरीच आटली: काही अनाथ आयनोड (फाइलींच्या नोंदी), मोकळ्या ब्लॉकांचे चुकलेले हिशेब आणि 'लॉस्ट अँड फाउंड' मध्ये जाऊन पडलेल्या, आयनोड क्रमांकाचे नाव धारण केलेल्या काही फाइली. त्या 'फाइल' या आज्ञेने ओळखून पाहिल्या. बहुतेक पॅकेजच्या तात्पुरत्या फाइली होत्या.

सुपरब्लॉक, म्हणजे फाइल सिस्टमची मुख्य नोंद, शाबूत होता. तो खराब निघता तर ४ केबी ब्लॉकच्या फाइल सिस्टममध्ये पहिली राखीव प्रत ३२७६८ क्रमांकाच्या ब्लॉकवर मिळते आणि तपासणीला तो क्रमांक देता येतो.

मग बूट विभागातली इनिटआरडी पाहिली. जुन्या कर्नेलची ठीक होती. नव्या कर्नेलची फाइल आकाराने जुनीइतकीच, तारीख १६ जूनची, पण 'हेक्सडंप' ने उघडल्यावर सुरुवातीपासून एका ओळीत शून्ये आणि खाली फक्त एक तारकाचिन्ह, म्हणजे पुढेही तेच. आकाराची नोंद डिस्कवर पोहोचली होती, मजकूर पोहोचला नव्हता. एपीटी या डेबियनच्या पॅकेज-साधनाच्या इतिहासातही १६ तारखेला सायंकाळी अपडेट सुरू झाल्याची नोंद आहे आणि तिला शेवट नाही. नवे कर्नेल म्हणजे काहीशे एमबींचे लेखन. आधीच काठोकाठ भरलेल्या विभाजनाची उरलीसुरली जागा त्याने घेतली, आणि तेवढ्यात वीज गेली.

२३ जून

दुरुस्त थरावरून जुन्या कर्नेलने मशीन सुरू केले. यावेळी इनिटरॅमएफएस ओलांडून ते पुढे गेले, एका डिस्कची वाट पाहत दीड मिनिट थांबले आणि मग आपत्कालीन अवस्थेत गेले. तिथेही प्रवेश मिळेना, कारण स्थापनेच्या वेळी रूटला पासवर्ड दिलेला नव्हता आणि अशा वेळी डेबियन खाते कुलूपबंद असल्याचे सांगून परत पाठवते. ग्रबमध्ये कर्नेलच्या ओळीला 'इनिट' म्हणून 'बॅश' देऊन आत शिरलो, मूळ फाइल सिस्टम लेखनयोग्य करून, सुरू होताना जोडायच्या डिस्कांची यादी असलेली 'एफस्टॅब' उघडली. त्यात बॅकअपसाठी कधीतरी जोडलेल्या दुसऱ्या आभासी डिस्कची ओळ होती. ती डिस्क माझ्या चाचणीच्या मशीनला जोडलेली नव्हती. ओळीत 'नोफेल' (डिस्क नसली तरी पुढे जा) घातले आणि मशीन लॉगिनपर्यंत आले. याचा मूळ बिघाडाशी काहीही संबंध नव्हता. तरी दुपार याच्यातच गेली.

कोहाचा डेटाबेस चालवणारी मारियाडीबी मात्र सुरू होत नव्हती. लॉगमध्ये इनोडीबीच्या (तिच्या साठवणीच्या भागाच्या) एका पानाची चेकसम जुळत नसल्याचे लिहिले होते.

२४ जून

गावात सांजांव सणाची धामधूम. वाचनालयात मी, बाई आणि पावसाचा आवाज. डेटाबेसचे काम शांतपणे झाले.

इनोडीबीला सक्तीने सुरू करण्याच्या १ ते ६ अशा पायऱ्या आहेत आणि ४ पासून पुढे डेटाचे कायमचे नुकसान होऊ शकते. म्हणून १ वरूनच सुरुवात केली आणि तेवढ्यावरच सर्व्हर उभा राहिला. लगेच 'मायएसक्यूएल-डंप', म्हणजे डेटाबेसची मजकूर-रूपातली प्रत, घेतला. तो 'ॲक्शन-लॉग्ज' या तक्त्यापाशी येऊन तुटला, सर्व्हरच कोसळला. या तक्त्यात कोणी काय बदलले याची नोंद असते. सभासद, ग्रंथ आणि देवघेव यांचे तक्ते वेगळे असतात. तो एक तक्ता वगळून पुन्हा डंप घेतला आणि तो पूर्ण झाला.

वगळलेल्या तक्त्यासाठी दुसरी सोय होती. कोहाचे पॅकेज रोज रात्री स्वतःहून डंप घेते. तो डंप त्याच आभासी डिस्कवर, अवघ्या दोन दिवसांपुरता ठेवलेला होता, म्हणजे डिस्क गेली असती तर बॅकअपही तिच्याबरोबरच गेला असता. पण फाइल सिस्टम दुरुस्त झाल्यामुळे १६ तारखेच्या पहाटेचा डंप सुस्थितीत मिळाला आणि त्यातून तो तक्ता काढता आला.

डंपची पहिली पाने कन्सोलवर पाहताना बाई घाबरल्या. पुस्तकांच्या नावांच्या जागी नुसते चौकोन. "सगळी मराठी गेली की काय?" लिनक्सच्या साध्या कन्सोलला देवनागरी काढता येत नाही, तेव्हा त्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. 'हेक्सडंप' ने बाइट पाहिले: 'ई० ए४', 'ई० ए५' ही जोडी दर तिसऱ्या बाइटला येत होती, म्हणजे यूटीएफ-८ मधली देवनागरी जशीच्या तशी शिल्लक होती. खरोखर अक्षरे गेली असती तर प्रत्येक जागी '३एफ' हा प्रश्नचिन्हाचा बाइट दिसला असता आणि तो परत फिरवता येत नाही. फाइल लॅपटॉपवर उघडून दाखवली तेव्हा बाईंचा जीव भांड्यात पडला.

२६ जून

दुरुस्त केलेले मशीनच पुन्हा सेवेत लावावे, असा आग्रह समितीतल्या एका सदस्यांनी धरला, कारण ते चालताना दिसत होते. मी तो मानला नाही. पॅकेजांच्या फाइली पडताळणारे 'डेबसम्स' चालवल्यावर काही पॅकेजांच्या फाइली मूळ बेरजेशी जुळत नव्हत्या, आणि पॅकेजबाहेरच्या फाइलींची तर बेरीजच उपलब्ध नसते. जुन्या मशीनमधून विदा, कोहाची मांडणी आणि ग्रंथांची मुखपृष्ठे एवढेच घ्यावे आणि नवीन मशीन उभारावे हे ठरले. नव्या मशीनवर मुद्दाम तेच डेबियन ११ आणि कोहाची तीच आवृत्ती घातली. बिघाड निस्तरताना आवृत्तीही बदलली, तर पुढे काही चुकले तेव्हा दोष कुठला हे सांगता येत नाही.

डंप भरल्यावर झेब्राची, म्हणजे कोहाच्या शोधयंत्राची, अनुक्रमणिका नव्याने बांधावी लागते. ती बांधूनही इंग्रजी नावे सापडत होती, मराठी सापडत नव्हती. झेब्राची मांडणी नव्या मशीनवर 'सीएचआर' या मूळ पर्यायावर आली होती. जुन्या मशीनवर ती 'आयसीयू' होती आणि देवनागरी शोधासाठी तीच लागते. मांडणी बदलून अनुक्रमणिका पुन्हा बांधली. बाईंनी 'ज्ञ' ने सुरू होणारी आणि जोडाक्षरांनी भरलेली नावे शोधून पाहिली, मगच पसंती दिली.

२८ जून

नव्या मशीनच्या व्याख्येत कॅश 'नन' (यजमानाची कॅश न वापरणारी) केली आणि ती तशीच आहे हे चालू मशीनची एक्सएमएल काढून खात्री करून घेतली. अपडेट करताना गती कमी झाल्याचे जाणवते. देवघेवीच्या वेळी जाणवत नाही.

यूपीएस उघडला. आतली १२ व्होल्ट, ७ एएचची बॅटरी फुगून कवचाला टेकली होती आणि बाहेर काढताना जोर लावावा लागला. नवी बॅटरी १,१५० रुपये. यूपीएसला यूएसबी तार पूर्वीपासून होती, पण ती कुठेच जोडलेली नव्हती. ती जोडून यूपीएसवर नजर ठेवणारे 'नट' बसवले. प्लग काढून चाचणी घेतली: बॅटरी खालावल्यावर यजमानाने आधी व्हर्च्युअल मशीनला बंद होण्यास सांगितले, पण त्याला पुरेसा वेळ न देता स्वतः बंद होऊ लागला. लिबव्हर्ट-गेस्ट्स या, यजमान बंद होताना आतली मशीन बंद करणाऱ्या सेवेच्या मांडणीत बंद होण्याची मुदत वाढवल्यावर क्रम बरोबर आला.

३० जून

वहीतली देवघेव बाईंनी आणि विद्यार्थ्याने मिळून भरली. कोहात पुस्तक देताना परतीची तारीख हाताने घालता येते, त्यामुळे कोणाला नाहक दंड लागला नाही. एका पानावर पावसाचे पाणी पडून दोन दाखल क्रमांक पुसले होते. ते सभासदांना विचारून भरले.

रात्रीचा डंप आता मशीनमधून यजमानावर आणि यजमानावरून बाह्य डिस्कवर जातो. आठवड्यातून एकदा विद्यार्थ्याने तो स्वतःच्या लॅपटॉपवरील व्हर्च्युअल मशीनमध्ये भरून एक मराठी नाव शोधून पाहायचे आहे. यजमानाचे विभाजन ८० टक्के भरले की बाईंना ईमेल जाईल अशी छोटी स्क्रिप्ट ठराविक वेळी कामे चालवणाऱ्या क्रॉनमध्ये घातली, आणि डिस्कखाली एकाहून अधिक फाइलींची साखळी आढळली तरी तिने तेच करायचे आहे. जुन्या दोन्ही फाइली बाह्य डिस्कवर केवळ वाचनापुरत्या करून ठेवल्या आहेत. चतुर्थीपर्यंत कोणाची तक्रार आली नाही तर त्या पुसायच्या. आधी वरची, मग खालची.